दोन देशांतल्या शाळा आणि एकच पक्षी: स्थलांतरित पक्षी शिकवायची ही पद्धत आपल्याकडे जमेल का?

स्वरदा_लेस्टर

मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज वेळ मिळाला म्हणून लिहून टाकते. लांबेल, पण शेवटी एक प्रश्न आहे, त्यामुळे पूर्ण वाचा ही विनंती.

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. इथून गाडीने तासाभरात रटलंड वॉटर म्हणून एक मोठं धरण आहे, पाणीपुरवठ्यासाठी बांधलेलं, आणि त्याच्या काठावर ऑस्प्रे घरटी करतात. ऑस्प्रे म्हणजे फक्त माशांवर जगणारा शिकारी पक्षी, आपल्याकडे काही जण मीनखाई किंवा कैकर म्हणतात. लोकांनी गोळ्या घातल्या, अंडी चोरली, त्यामुळे इंग्लंडमधून हा पक्षी जवळपास दीडशे वर्षं गायब होता. मग १९९६ पासून २००१ पर्यंत स्कॉटलंडहून पिल्लं आणून रटलंडला वाढवून सोडली आणि २००१ मध्ये इथे पहिलं पिल्लू जन्मलं. आता दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात हे पक्षी निघतात, फ्रान्स, स्पेन, मोरोक्को करत सहारा ओलांडतात आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सेनेगल-गांबियाला थंडी काढून मार्चमध्ये परत येतात. पिल्लं तर आईबापांबरोबर जातच नाहीत, एकेकटी निघतात, वाट कुणी दाखवलेली नसते, आणि पहिली साधारण दोन वर्षं तिकडेच राहतात.

तर रटलंडच्या लोकांनी गांबियातल्या शाळांमध्ये पक्षी शिकवायचं काम सुरू केलं, तिथल्याच माणसांच्या हातून, आणि २०१४ पासून मार्चमध्ये वर्ल्ड ऑस्प्रे वीक सुरू केला. या वाटेवरच्या देशांतल्या शाळांनी नाव नोंदवायचं, उपग्रहाला जागा कळवणारा टॅग लावलेले पक्षी नकाशावर रोज बघायचे आणि एकमेकांना लिहायचं. माझी मुलगी प्राथमिक शाळेत असताना तिच्या वर्गाने हे केलं. तेव्हा एका मादीवर सगळ्यांचा जीव होता, तिचं नाव ३०(०५), म्हणजे पायातल्या कड्याचा नंबर ३० आणि जन्म २००५ चा. तिच्या पाठीवर २०१३ मध्ये उपग्रह टॅग बसवला होता. थंडीभर नकाशावरचा तिचा ठिपका सेनेगलच्या किनाऱ्यावर डाकार आणि सेंट लुईच्या मधे एकाच जागी, फार तर काही किलोमीटर इकडेतिकडे. पोरं कंटाळायची, म्हणायची ही काही करतच नाही. आणि मग मार्चमध्ये एक दिवस ठिपका उत्तरेला सरकला. त्या दिवसापासून मुलं प्रार्थनेच्या आधी येऊन नकाशासमोर उभी राहायची. हॉलच्या भिंतीवर मोठा नकाशा, टाचण्या, टाचण्यांना लाल लोकर, रोज एक टाचणी पुढे. सहाराच्या दिवसांत मुलीने मला घरी विचारलं की वाळवंटात मासे नाहीत मग ती जेवते काय? बाई लगेच उत्तर देऊन मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी वर्गाला किनाऱ्यावरचे आणि वाळवंटातले रोजचे किलोमीटर मोजायला लावले, आणि मुलांना आपोआप कळलं की निघायच्या आधी भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवायची आणि तो पट्टा काही दिवसांत न खातापिता पार करायचा.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. गांबियातल्या मुलांची पत्रं आली त्यात त्यांनी घरट्याबद्दल विचारलं होतं, केवढं असतं, कशाचं करतात, पिल्लांना मासा कसा भरवतात. कारण ऑस्प्रे तिथे घरटं करतच नाही, त्यांनी ते कधी बघितलेलंच नाही. आणि आमच्या मुलांनी समुद्राच्या लाटांत सूर मारणारा ऑस्प्रे कधी बघितला नव्हता, जो तिथली मुलं किनाऱ्यावर होड्या लागतात तिथे रोज बघतात. म्हणजे या मुलांकडे पक्ष्याचं अर्धं आयुष्य होतं, त्या मुलांकडे अर्धं, आणि पूर्ण पक्षी कळायचा तर एकमेकांना विचारण्याशिवाय इलाज नव्हता. पुस्तकात स्थलांतर म्हणजे एक बाण असतो, इकडून तिकडे. बाणाच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच वयाचं कुणीतरी वर बघत उभं आहे हे कळलं की मुलं वेगळंच मन लावून शिकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर प्रश्न असा की महाराष्ट्रात कुणी शाळेत असं काही केलंय का? पक्षी तर आपल्याकडे इतके येतात. काय अडचणी येतील? शिक्षक मंडळींनी मोकळेपणाने लिहा.

उजनीकाठ

ताई, उत्तम धागा. मी इंदापूर भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, उजनीचं पाणी शाळेपासून जवळ. आमच्या वर्गात निम्मी मुलं मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली, पक्षी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत हे मी पहिल्याच वर्षी मान्य केलं. तुम्ही लिहिलेला ऑस्प्रे आमच्याकडं पण हिवाळ्यात असतो, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांवर बसतो. पाचवीतल्या एका पोरानं मला सांगितलं की सर, ती घार मासा धरती ना तर उडताना त्याचं तोंड पुढं करून धरती, आडवा नाय धरत. मी नंतर वाचलं तर अगदी बरोबर, वारा कमी लागावा म्हणून पक्षी मासा पायात फिरवून सरळ करतो. हे त्या पोराला कुणी शिकवलं नव्हतं.

पण हे पक्षी येतात कुठून असं विचारलं की सगळ्या वर्गाचं एकच उत्तर, सायबेरियातून. फ्लेमिंगो सायबेरियातून, पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेला हंसासारखा पक्षी) सायबेरियातून, थापट्या बदक सायबेरियातून. पेपरात पण तेच छापून येतं दरवर्षी. अहो उजनीवरच्या फ्लेमिंगोंचं, म्हणजे रोहित पक्ष्यांचं मोठं विणीचं ठिकाण कच्छच्या रणात आहे, ते भारतातल्या भारतात येजा करतात. पट्टकादंब मंगोलिया, तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून येतात. प्रत्येकाचं गाव वेगळं, पण मुलांच्या डोक्यात सायबेरिया नावाची एक पेटी आहे, त्यातून सगळे पक्षी निघतात. तुम्ही म्हणता तसं दुसऱ्या टोकाला कुणी मिळालं तर ही पेटी फुटेल.

अडचणी विचाराल तर भाषा पहिली. आमच्या मुलांना इंग्रजीत पत्र लिहायला लावलं की ती पक्षी विसरतात आणि स्पेलिंगच्या मागं लागतात. दुसरं म्हणजे शाळेत एक मोबाईल, तो पण माझाच. तिसरं, अभ्यासक्रम पूर्ण झाला का हे विचारायला माणसं येतात, पक्षी किती बघितले हे विचारायला कुणी येत नाही.

रानवाट

स्वरदा, तुझ्या ऑस्प्रेच्या गोष्टीला आपल्या डोक्यावरून गेलेली गोष्ट जोडतो. २०१९ च्या जूनमध्ये मंगोलियाच्या ईशान्येला खेन्ती प्रांतात खुर्ख नावाच्या ठिकाणी पक्ष्यांना कडी घालायचं केंद्र आहे, तिथे पाच कुक्कूंना (कोकिळेच्या कुळातले पक्षी) टॅग लावले. मंगोलियातले शास्त्रज्ञ आणि ब्रिटनची बीटीओ ही संस्था असं मिळून काम होतं. आणि या पक्ष्यांना नावं दिली ती तिथल्या शाळांतल्या मुलांनी. ओनोन, बायान, नामून, नोमॅड आणि कॅप्टन खुर्ख. ओनोन हे तिथल्या नदीचं नाव आहे, म्हणजे आपल्याकडच्या पोरांनी पक्ष्याला नीरा किंवा भीमा म्हणावं तसं.

आता हा ओनोन काय करतो बघा. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा पक्षी, पाठीवर दप्तरासारखा पाचेक ग्रॅमचा सोलर टॅग. मंगोलियातून निघून चीन, म्यानमार, भारत, तिथून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका, आणि थेट झांबियात मुक्काम. २० मार्च २०२० ला तिथून परत निघाला, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात बसलो होतो आणि हा केनियापर्यंत येऊन समुद्रावर झेपावला, न थांबता भारत गाठला, मध्य प्रदेशात उतरला, मग बांगलादेश, म्यानमार, चीन करत मे अखेरीस ज्या भागात टॅग लावला होता तिथे परत. वर्षभरात २६ हजार किलोमीटर, १६ देश. त्या दिवसांत जगभरातले लोक त्याच्या ठिपक्याकडे डोळे लावून बसले होते, मीही रोज सकाळी आधी तेच बघायचो.

त्याआधी २०१६ ला बीजिंगमध्ये असाच प्रकल्प झाला होता, त्यातल्या कुक्कूंची नावं ठरवण्यातही शाळकरी मुलं होती, आणि ते पक्षी पण भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले. चीनमधला कुक्कू आफ्रिकेत जातो हे तोवर कुणी दाखवून दिलेलं नव्हतं. म्हणजे त्या मुलांनी नाव दिलेल्या पक्ष्याने नवीन ज्ञान आणलं, ही केवढी मोठी गोष्ट आहे त्या वयात.

अजून एक गोष्ट मुलांना नक्की सांगावी. कुक्कूचं पिल्लू दुसऱ्याच पक्ष्याच्या घरट्यात वाढतं, खऱ्या आईबापांशी त्याची गाठच पडत नाही, ते त्याच्या आधीच निघून गेलेले असतात. तरी त्याला आफ्रिकेची वाट सापडते.

माझं मत सांगतो. नाव देणं हा काही लाड नाही, हिशोबाचं पहिलं पान आहे. पक्ष्याला नाव मिळालं की मुलं त्याची चौकशी करायला लागतात आणि चौकशी करता करता भूगोल, वारे, ऋतू सगळं शिकतात. ओनोनने मार्चनंतरच का समुद्र ओलांडला, तर तेव्हा वारे आफ्रिकेकडून आपल्याकडे वाहायला लागतात. जाताना शरदात उलटे. मोसमी वारे आपण पुस्तकात पाठ करतो, पक्षी त्यावर बसून जातात येतात.

वऱ्हाडी_रश्मी

मी थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. माझ्या मुलाच्या शाळेत (नाव नको) इंटरनॅशनल एक्स्चेंज म्हणून मुलांना परदेशात नेलं होतं. काही लाख रुपये प्रत्येकी. पर्यावरण शिक्षण असं पत्रकावर लिहिलेलं. प्रत्यक्षात एक दिवस कुठल्यातरी तळ्याकाठी फोटो आणि बाकी दिवस थीम पार्क आणि खरेदी. ज्यांच्या पालकांना परवडलं नाही ती मुलं त्या आठवड्यात वर्गात गप्प बसून होती, हे मला आजही खुपतं. त्यामुळे शाळांचा असा आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हटलं की माझ्या मनात आधी भीती येते की हे पण श्रीमंत शाळांचं सर्टिफिकेट होणार.

स्वरदा_लेस्टर

रश्मी, राग कसला, हे लिहिलंस ते बरं झालं. म्हणूनच मला हा प्रकार आवडला, यात मुलांना कुठे जायचंच नसतं. प्रवास पक्षी करतो. मुलं आपापल्या गावात राहून बघतात आणि लिहितात, आणि ज्याचं गाव पाण्याकाठी किंवा रानाजवळ तो वर्गातला सगळ्यात मोठा जाणकार ठरतो. उजनीकाठ सरांच्या वर्गातलं ते मासेमाराचं पोर इथल्या वर्गाला शिकवू शकेल, इथल्या मुलांना लांबून दुर्बिणीतून दिसतं ते.

आणि माझं स्पष्ट मत आहे की नुसती शुभेच्छापत्रं आणि रंगवलेली चित्रं पाठवण्याला देवाणघेवाण म्हणू नये. पहिल्या वर्षी आमच्या शाळेत तेच झालं, हॅलो आय ॲम अमुक, माय फेव्हरेट कलर इज तमुक. दोन पत्रांत विषय संपतो. नोंदी पाठवल्या की संपत नाही, कारण आजची नोंद उद्या शिळी होते आणि समोरचा वाट बघत असतो.

संत्रानगरी

नोंदींवरून आठवलं. आमच्याकडे नागपूर जिल्ह्यात पारडगावच्या तलावावर पट्टकादंब येतात आणि त्यांच्यात मंगोलियात गळ्यात प्लॅस्टिकची पट्टी घातलेले पक्षी दिसलेत. पट्टीवर अक्षर आणि आकडे असतात, दुर्बीण चांगली असली तर वाचता येतात. ते वाचून तिकडे कळवलं की तिकडून माहिती येते, हा पक्षी कुठल्या तलावावर पकडला होता, कधी, नर का मादी. कर्नाटकात पण असे दिसलेत.

मी एकदा शेजारच्या गावची मुलं घेऊन गेलो होतो. सकाळचं धुकं, पक्षी बांधाच्या पल्याड हरभऱ्याच्या कडेला चरून राहिले होते. पट्टीवाला एक होता, पण मान खाली, अक्षर गवतात. मुलं पाळीपाळीनं स्कोपला डोळा लावून, कुणी बोलून नाही राहिलं. एका मुलीनं पहिलं अक्षर वाचलं, दुसऱ्यानं आकडा, तिसऱ्यानं म्हटलं नाही तो तीन नाही आठ आहे, मग परत सगळ्यांनी पाहिलं. तीनदा खात्री करूनच लिहिलं. विज्ञानाचा तास आणखी वेगळा काय असते, सांगा.

या पक्ष्याबद्दल आणखी एक, उपग्रह टॅग लावलेल्या पट्टकादंबाची ७२९० मीटर उंचीवर नोंद झालेली आहे. आमच्या तलावावर चिखलात चालतो तोच हिमालयावरून येतो हे मुलांना आधी पटतच नाही.

मंगळवेढ्याची_ज्वारी

आमच्याकडं पाहुणा म्हंजे भोरड्या, पळसमैना म्हणतात ना, त्या. ज्वारी हुरड्यात आली की थव्यानं येतात, सगळं आभाळ काळं होतं, आणि मग गोफण, डबे, फटाके. माझं लहानपण सगळं माळ्यावर बसून भोरड्या हाकण्यात गेलं. त्यामुळं शहरातले लोक त्यांच्या थव्याचे व्हिडिओ काढून वाहवा करतात तेव्हा आम्हाला त्यात आमचं कणीस दिसतं.

पण मागं एका पक्षीवाल्यांनी आमच्या शाळेत येऊन सांगितलं ते डोक्यात बसलं. ह्या भोरड्या उन्हाळ्यात मध्य आशियात जातात, कझाकस्तान वगैरे, आणि तिथं त्या टोळ आणि नाकतोडे खातात. चीनच्या शिंजियांगमध्ये तर सरकारनं आणि लोकांनी दगडांचे ढीग रचून त्यांना घरटी करायला जागा करून दिलेली आहे, टोळांवर औषध मारायच्या ऐवजी. म्हंजे तिकडच्या शेतकऱ्याचा तो सोबती आणि आमच्या दारात तोच चोर.

आता विचार करा, आमच्या गावच्या शाळेतलं पोरगं आणि तिकडच्या कुरणातलं पोरगं एकमेकांशी बोलायला लागलं तर. आमचं पोरगं सांगंल की हे कणसं खातात, तिकडचं सांगंल की हे आमचं गवत वाचवतात. दोघंबी खरं बोलतेत. मोठ्या माणसांनी सांगितलं की पक्षी वाचवा, तर शेतकरी म्हणतो तुम्ही या की माळ्यावर. पण तिकडच्या शेतकऱ्याच्या पोरानं सांगितलं तर आमची मान डोलंल. आणि भोरड्या इथं पण अळ्या-किडे खातात, पांगारा-पळसाला फुलं आली की त्यावर असतात, नुसतं ज्वारीवर जगत नाहीत, ते पण नोंदवायला पाहिजे. नोंद करायची तर नुकसानीची पण करा, झाकू नका, एवढंच माझं म्हणणं.

उजनीकाठ

ज्वारीभाऊ, तुमचा हा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

दिमापूरहून

नोकरीमुळे काही वर्षं नागालँडमध्ये आहे, म्हणून इकडचं सांगतो. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाच्या पाण्याजवळ पांगती गाव आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमूर ससाणे इथे लाखोंनी उतरतात. सायबेरियाचा आग्नेय भाग, उत्तर चीन, मंगोलिया इथून येतात आणि पुढे दक्षिण आफ्रिकेला जातात. २०१२ मध्ये इथे जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल व्हायची, त्याचे फोटो आणि व्हिडिओ बाहेर आले आणि जगभर हळहळ झाली. पुढच्याच वर्षी गावांनी ठरवून ती थांबवली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने हंगेरीच्या तज्ज्ञांबरोबर तीन ससाण्यांना टॅग लावले, नावं दिली नागा, वोखा आणि पांगती. गावाचं नाव घेऊन पक्षी आफ्रिकेत गेला म्हटल्यावर लोकांचं बघणंच बदललं.

यात मुलांचा वाटा मोठा आहे. त्या भागातल्या गावांमध्ये मुलांचे इको क्लब सुरू केले होते, त्यात मुलांना शिकवलं जायचं की हा पक्षी कुठून येतो, कुठे जातो. त्यातली कितीतरी मुलं जाळी लावणाऱ्यांच्याच घरातली. घरी जाऊन बापाला सांगणारं पोर असेल तर बापाला ऐकावं लागतं. बाहेरून आलेल्या माणसाने येऊन पाप केलंत म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, मी इथे राहून हे खात्रीने सांगू शकतो. आणि मासेमारीची जाळी वापरून पक्षी धरणाऱ्या घरांचं उत्पन्न बुडालं हेही खरं आहे, त्यांचा त्याग मुलांना शिकवताना विसरता कामा नये.

महाराष्ट्राशी संबंध असा की इथून निघालेले ससाणे मध्य आणि पश्चिम भारतावरून जाऊन अरबी समुद्र ओलांडतात. लोणावळ्याच्या पठारांवर नोव्हेंबर-डिसेंबरात ते दिसतात. दीडशे ग्रॅमचा ससाणा. वाटेत समुद्रावर तो चतुर नावाचे कीटक खात असावा असा अंदाज आहे, कारण चतुरांचेही थवे त्याच दिवसांत त्याच वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल प्रांतात न्यूकॅसल, मूई रिव्हर अशा गावांमध्ये भर वस्तीतल्या झाडांवर ते रात्रीचे गोळा होतात. पांगतीची शाळा, लोणावळ्याची शाळा आणि मूई रिव्हरची शाळा, अशी तीन गावं एका पक्ष्यावर जोडता येतील. कुणाला पुढाकार घ्यायचा असेल तर पांगतीकडच्या शिक्षकांशी बोलून द्यायची जबाबदारी माझी.

विस्तुला

मी पोलंडमध्ये असते. इकडे स्प्रिंग अलाइव्ह नावाचा उपक्रम आहे, बर्डलाइफ या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेचा, २००६ पासून. मुलांनी पहिला पांढरा करकोचा, पहिली माळभिंगरी, पहिला कुक्कू, पहिला स्विफ्ट आणि पहिला युरोपियन बी-ईटर कधी दिसला ते वेबसाइटवर नोंदवायचं. दक्षिणेतून नोंदी सुरू होतात आणि नकाशावर वसंत वर वर सरकताना दिसतो. नंतर आफ्रिकेतले देश पण यात आले, तिथल्या मुलांची नोंद इकडची संपल्यावर, सप्टेंबरपासून सुरू होते. त्यामुळे वर्षभर कुणीतरी वाट बघतच असतं.

यातली जमेची बाजू म्हणजे साधेपणा. मोजकेच पक्षी, सहज ओळखू येणारे, आणि पहिला दिवस एवढीच नोंद. पहिलीतलं मूल पण करू शकतं. आपल्याकडे असं करायचं तर धोबी पक्षी, माळभिंगरी, भोरड्या, पट्टकादंब असे घ्यावेत, दुर्मिळ पक्ष्यांच्या मागे लागू नये. भारतातच २००७ पासून मायग्रंटवॉच होतं, त्यात मोठी माणसं अशाच नोंदी करायची. आणि फेब्रुवारीतली कॅम्पस बर्ड काउंट, म्हणजे आपल्या आवारातले पक्षी मोजणं, शाळांना सोपी आहे, सुरुवात तिथून करता येईल.

वऱ्हाडी_रश्मी

सगळ्यांचं वाचलं. माझी भीती बरीच कमी झाली. एक प्रश्न मात्र आहे, आई म्हणून विचारते. नाव दिलेला, रोज बघितलेला पक्षी मेला तर? ठिपका थांबला तर मुलांना काय सांगता?

स्वरदा_लेस्टर

खरं सांगतात. आमच्याकडे एका कोवळ्या पक्ष्याचा ठिपका असा थांबला. बाईंनी तो नकाशावरून काढला नाही. वर्गात विचारलं की काय काय झालं असेल, मुलांनी फळ्यावर यादी केली, टॅग बिघडला असेल, वादळ, उपासमार, विजेची तार, कुणीतरी मारलं असेल. मग बाईंनी सांगितलं की पहिल्यांदा परत येईपर्यंत बहुतेक पिल्लं वाचत नाहीत. काही मुलं रडली, माझी पण. पण त्या दिवसानंतर परत आलेल्या पक्ष्याची किंमत त्यांना कळली. आणि गांबियाच्या मुलांनी लिहिलं की आम्ही किनाऱ्यावर कडी असलेला पक्षी दिसतो का बघत राहू. मला वाटतं मुलांपासून हे लपवलं तर स्थलांतर म्हणजे काय हेच शिकवायचं राहून जातं.

रानवाट

सुरक्षेचं पण एक लिहितो. मुलांचे फोटो, पूर्ण नावं, फोन नंबर काहीही पलीकडे जाऊ देऊ नका. पत्रव्यवहार शिक्षक ते शिक्षक, मुलांची फक्त पहिली नावं. आणि पक्ष्यांची पण तीच काळजी घ्यायची, घरट्याची किंवा रातथाऱ्याची नेमकी जागा उघड लिहायची नाही, गाव किंवा तलावाचं नाव पुरे.

भाषेसाठी उपाय म्हणजे तक्ता. तारीख, जागा, पक्षी, किती, काय करत होता, वारा, पाऊस. आकडे आणि पक्ष्याचं चित्र कुठल्याही भाषेत वाचता येतं. मुलांनी मराठीतच लिहावं, पाठवायच्या आधी शिक्षकांनी दोन ओळींत इंग्रजी करावं. मुलांचा वेळ बघण्यात जाऊ दे.

उजनीकाठ

बरोबर. मी आज मुख्याध्यापक मॅडमशी बोललो, त्यांनी एक अट घातली की परिसर अभ्यासाच्या तासातच बसवा, जादा तास नको. मला पण तेच हवं होतं.

स्वरदाताई, तुमच्या मुलीच्या जुन्या शाळेतल्या बाई तयार असतील तर ऑस्प्रेवरच सुरू करू. मला माहितीये की तुमच्याकडचे आफ्रिकेला जातात आणि आमच्याकडचे उत्तरेकडून येतात, ते एक पक्षी नव्हेत. पण मला हे मुलांना आधी सांगायचं नाही. तुमची घरटी सप्टेंबरात रिकामी होणार आणि नंतर आमच्याकडं पहिला पक्षी दिसणार. पोरं शंभर टक्के म्हणणार की तोच आला. मग विचारायचं, कशावरून? पायात कडं आहे का, नकाशावरचा ठिपका कुठं गेला, तारखा जुळतात का. ते स्वतः शोधून काढू देत की दोन वाटा वेगळ्या आहेत. गांबियाची शाळा मिळाली तर उत्तमच, ठिपका तिथं उतरलेला त्यांच्याकडूनच कळेल.

स्वरदा_लेस्टर

सर, ही कल्पना मला फारच आवडली. बाईंना आजच मेल करते. इथली शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते तेव्हा काही पिल्लं अजून घरट्यावर असतात, म्हणजे शेवटचा पक्षी कधी गेला याची तारीख इथली मुलं देऊ शकतील. तक्त्यात फक्त एक रकाना वाढवा, पक्षी दिसला नाही त्या दिवसाचा. इथे मुलं नाही दिसला ते लिहायचीच नाहीत, आणि मग शेवटचा दिवस कुठला ते ठरवताना सगळा घोळ झाला.

उजनीकाठ

वाढवला. बघायला गेलो होतो पण दिसला नाही, आणि बघायलाच गेलो नाही, असे दोन वेगळे रकाने करतो, नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत सगळे पक्षी गायब झालेले दिसतील. तक्त्याचा फोटो रविवारी इथेच टाकतो, ज्वारीभाऊ आणि संत्रानगरी, तुम्हाला भोरड्या आणि पट्टकादंबासाठी वेगळं काही हवं असेल तर त्याच्या आधी सांगा.